म्हातारीची संमती

मिरजेच्या कोर्टात पुकारा बंद झाला त्या वर्षीची ही गोष्ट. आता पुकारा म्हणजे काय हेसुद्धा समजावून सांगावं लागतं. हल्ली आपल्या मनगटावरच्या पट्टीवर दालनाचा आकडा उमटतो आणि आपण मुकाट जाऊन बसतो. तेव्हा मात्र कोर्टाच्या दाराशी पट्टेवाला उभा राही आणि पक्षकाराचं नाव आवारातल्या चिंचेपर्यंत पोचेल अशा आवाजात तीनदा घेई. तिसऱ्या हाकेलाही कुणी आलं नाही की प्रकरण एकतर्फी. महादेव लोंढे हा त्या कोर्टातला पुकारा करणारा शेवटचा माणूस. त्याचा आवाज असा होता की चहाच्या गाड्याशी गप्पा छाटणारे वकील अर्धा कप तसाच ठेवून निघत.

घरीही त्याची तीच तऱ्हा. "शिवन्या महादेव लोंढे, हाजिर हो," अशी हाक आली की ताट वाढलं आहे असं समजायचं. तिसऱ्या हाकेपर्यंत पोरगी आली नाही तर जेवणाचा निकाल एकतर्फी लागे, म्हणजे तिच्या वाटचं ऑम्लेट बापाच्या ताटात जाई. शिवन्याची आई सुवर्णा दवाखान्यात परिचारिका होती आणि पाळी करून आलेल्या बाईच्या कानाशी असा आरडाओरडा करू नये हे तिने नवऱ्याला अनेकदा सांगून पाहिलं होतं. शेवटी तिने हात टेकले. पोरीच्या डोक्यात वकिलीचं खूळ या हाकांनीच भरलं असं ती म्हणे, आणि त्यात खोटं काही नव्हतं.

बारावीनंतरच्या प्रवेशपरीक्षेत शिवन्याला घसघशीत गुण मिळाले आणि घराची शांतता गेली. तिच्यापुढे आता दोन वाटा होत्या. एक, दक्षिणेतलं ते मोठं विधी विद्यापीठ, जिथून मुलं थेट बड्या कंपन्यांचे वकील होऊन बाहेर पडतात. तिथला पाच वर्षांचा खर्च महादेवने आजवर मिळवलेल्या सगळ्या पगारापेक्षा जास्त होता. दुसरी, सांगलीचं जुनं लॉ कॉलेज, घरापासून बसने जाण्याइतकं जवळ. तिथली फी आईच्या पगारात बसत होती. मोठ्या विद्यापीठासाठी कर्ज काढावं लागणार, आणि असलं कर्ज एकदा काढलं की तालुक्याच्या कोर्टात वकिली करून ते फिटत नाही, हे शिवन्याला कुणी सांगायची गरज नव्हती. त्यासाठी कंपन्यांच्याच दारी जावं लागणार होतं.

महादेवने मात्र निकाल लागला त्याच दिवशी ठरवून टाकलं होतं. दाराशी उभं राहून त्याने वकिलांच्या दोन पिढ्या पाहिल्या होत्या. मुंबईहून एखादा मोठा वकील गाडीतून उतरला की सगळ्या कोर्टाचा नूर पालटे. न्यायाधीश सावरून बसत, कारकून चटचट हलत, बोलणारे गप्प होत. आपली पोरगी एक दिवस तशी गाडीतून उतरावी, एवढंच त्याला हवं होतं. ते विद्यापीठ कुठे आहे, तिथे काय शिकवतात, याची त्याला फारशी कल्पना नव्हती आणि त्याची त्याला गरजही वाटत नव्हती.

बँक कर्ज द्यायला तयार होती, पण मध्ये एक कायदा होता. काही वर्षांपूर्वी शिक्षणाची कर्जं थकवणाऱ्यांची अशी काही लाट आली की कोर्टं भरून गेली. त्यातल्या एका कर्जदाराने सरळ न्यायालयाला विचारलं, की सही करणारा मुलगा अठरा वर्षांचा आणि हप्ते भरणारा माणूस चाळिशीचा. मग त्या चाळिशीच्या माणसाला कुणी विचारलं होतं का? वकिलांना आधी हसू आलं, मग ते विचारात पडले. त्यातून भावी संमतीचा कायदा निघाला. मोठं कर्ज घेण्याआधी कर्जदाराने आपल्या बेचाळिसाव्या वर्षाच्या स्वतःला भेटायचं आणि त्याची संमती घ्यायची. कॉलेजची पोरं या भेटीला म्हातारी भेटणं म्हणत. "तुझी म्हातारी काय म्हणाली गं?" हा त्या उन्हाळ्यात कट्ट्याकट्ट्यावरचा प्रश्न होता. बेचाळिशीच्या बाईला म्हातारी म्हणणाऱ्या या पिढीला काय म्हणावं ते मी इथे लिहीत नाही.

यात जादू काही नव्हती आणि ज्योतिष तर मुळीच नव्हतं. शिवन्याच्या जन्मापासूनची माहिती कुठे ना कुठे साठलेली होतीच. शाळेतले निबंध, आवाजाचे नमुने, झोपेची नोंद, कशाला हसते, कशाला चिडते, कुणाचा फोन पहिल्या घंटेला उचलते. त्यावरून यंत्र तिच्या स्वभावाचं एक प्रतिरूप तयार करी. मग त्या प्रतिरूपाला, आधी कर्ज घेतलेल्या लाखो माणसांच्या खऱ्या आयुष्यांच्या आधाराने, पुढची चोवीस वर्षं हजारो वेळा जगायला लावी. त्या हजारो आयुष्यांपैकी जे सगळ्यांत जास्त वेळा घडलं, त्याला चेहरा आणि आवाज देऊन समोर बसवी. आजार आणि मरण यांबद्दल बोलायला कायद्याने बंदी होती.

आणखी एक गोष्ट त्यात घातली होती. सुरुवातीला या प्रतिरूपांना नुसते आकडे येत, आणि आकड्यांवर पोरांचा विश्वास बसत नसे. मग कुणा मानसशास्त्रज्ञाला जुनं संशोधन आठवलं. चाळिशी ओलांडलेल्या माणसाला सगळ्यांत जास्त आठवतात ती पंधरा ते पंचविशीची वर्षं. तेव्हा सगळं पहिल्यांदाच घडत असतं आणि नवं काही घडलं की मेंदू ते जपून ठेवतो. एकसारखे दिवस मात्र तो एकावर एक घडी घालून ठेवून देतो. म्हणून प्रतिरूपांना आठवणी दिल्या गेल्या, आणि आठवणींबरोबर हुरहूर आपोआप आली. ती कुणी वेगळी घातली नव्हती.

बँकेच्या सांगली शाखेत मागच्या बाजूला, पूर्वी जिथे लॉकर होते त्या खोलीत ही भेट होई. तिथल्या अधिकारी आफरीन मुल्ला, मितभाषी बाई. त्यांनी शिवन्याला पाणी दिलं, घाबरू नकोस म्हणाल्या आणि काचेचं दार लावून बाहेर जाऊन बसल्या.

भिंतीवर जी बाई उमटली तिला पाहून शिवन्याला आधी आपल्या आत्याचाच भास झाला. तेच कपाळ, तीच हनुवटी. अंगात काळा कोट, केसांत एक पांढरी बट, मागे काचेपलीकडे समुद्र. बोलण्यात तिने आपली सगळी माहिती पटापट सांगून टाकली. मुंबईत घर आहे. कंपन्या एकमेकांना विकत घेतात, त्यांचे करार ती बघते. कर्ज पस्तिसाव्या वर्षी फिटलं. नाव आहे, काही कमी नाही. संमती आहे. हे सगळं तिने डब्याचं झाकण लावावं तसं संपवलं आणि मग खुर्ची पुढे ओढली.

"आज गुरुवार ना?" तिने विचारलं.

शिवन्या हो म्हणाली.

"म्हणजे आईची दुपारपाळी. पप्पांनी पिठलं केलं असेल, आणि त्यात मीठ विसरले असतील."

अगदी तसंच झालं होतं. त्या बाईने मग एकेक विचारायला सुरुवात केली. रात्री रेल्वेच्या यार्डात डबे जोडल्याची धडधड अजून ऐकू येते का? आई आल्याबरोबर पाय धुऊन ओट्याशी उभी राहते का? चिंचेखालचा चहावाला आहे का? आणि शेवटी म्हणाली, जरा चाचरत, की पप्पांसारखा पुकारा करून दाखव. शिवन्याने हळू आवाजात नक्कल केली. बाईने डोळे मिटून घेतले आणि बराच वेळ उघडले नाहीत. काचेपलीकडून आफरीन मॅडमनी मान वर करून एकदा पाहिलं.

शिवन्या बाहेर आली. ज्या घरात ती आज सकाळी मिठावरून बापाशी भांडून आली होती, त्या घराची एका बाईला इतकी ओढ लागली होती, आणि ती बाई दुसरी कुणी नव्हती. तिने तिथल्या तिथे ठरवलं, जायचं नाही. सांगलीलाच राहायचं. अठराव्या वर्षी निर्णय असेच होतात, आणि ते वाईटच असतात असंही नाही.

आफरीन मॅडमनी तिला घाईने होय-नाही करू दिलं नाही. सांगलीच्या कॉलेजला कर्ज लागत नाही, तेव्हा संमतीचाही प्रश्न नाही, पण तुलनेसाठी तिथे शिकलेल्या दुसरीलाही भेटता येतं असं त्या म्हणाल्या. शिवन्या सोमवारी पुन्हा आली. या वेळी ती खुशीत होती. आपला जीव भांड्यात पडणार याची तिला खात्री होती.

दुसरी बाई जाड भिंगाच्या चष्म्यातली होती. तिच्या काळ्या कोटाची बाही कोपराशी झिजलेली, मागे मिरजेतलंच कुठलंसं घर, टेबलावर फायलींचा ढीग. तिने चष्मा पुसला, शिवन्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, "पप्पांनी आज काय केलंय? पिठलं?"

मग तेच सुरू झालं. यार्डातली धडधड. आईचे ओले पाय. चिंच. पुकारा. तोच आवाज, तेच थांबणं. शिवन्याला काही कळेना. तिने विचारलं, "पण तू तर मिरजेतच राहतेस ना?"

"मिरजेत राहते म्हणून काय झालं? ते दिवस कुठं मिरजेत राहिलेत?"

 तिचा सगळा युक्तिवाद एका वाक्यात निकालात निघाला होता. घर सोडून गेलेलीला घराची आठवण येते हे तिने गृहीत धरलं होतं, आणि इथे उंबरठ्यावर राहिलेलीही तितकीच झुरत होती. म्हणजे कुठेही गेलं तरी हे पिठलं आणि ही हाक जाणारच होती. त्यासाठी कुठलं कॉलेज निवडायचं हा प्रश्नच नव्हता. मला विचाराल तर हे कळायला बहुतेकांना चाळिशी यावी लागते. त्या पोरीला ते बँकेच्या खोलीत कळलं, आणि तिला रडू आलं.

पण ती पट्टेवाल्याची लेक होती आणि उलटतपासण्या ऐकत वाढली होती. साक्षीदार दोन असले आणि दोघांनी एकच सांगितलं, तर वकील तिसरीकडून प्रश्न काढतो. डोळे पुसून तिने विचारलं, की आजपर्यंतचं सगळं मला माहीत आहे. आजच्या नंतरचं काय? त्यातल्या कशाची आठवण येते?

चष्मेवाली हसली आणि मग थांबायलाच तयार होईना. कॉलेजच्या मागच्या भिंतीवर बसून पाठ केलेले कायदे. तिथे भेटलेली एक मैत्रीण, जिच्याशी पुढे सात जन्मांचं भांडण झालं. ज्यांच्या हाताखाली काम शिकली ते सीनियर, अर्जात एक शब्द जास्त झाला तर कागद खिडकीतून बाहेर टाकणारे. पहिली केस ती हरली होती. जिची केस होती त्या आजीने हरल्यावर तिलाच समोर बसवून भडंग खाऊ घातलं आणि रडू नको म्हणून सांगितलं.

"त्या दिवसात मला परत सोडलं ना, तर मी आत्ता चालत जाईन," ती म्हणाली. मग तिचा सूर बदलला. "पण एक ऐकून ठेव. पैशाची ओढाताण अजून संपलेली नाही. लोक फी बुडवतात. आणि परीक्षेत तुझ्या मागे असलेल्या एखाद्या पोरीचं नाव बातम्यांत आलं, की दोन दिवस मी घरात कुणाशी नीट बोलत नाही. त्या मोठ्या विद्यापीठाचं नाव अजून मला टोचतं."

ती लपवत नव्हती, आणि शिवन्याला ते आवडलं. तिने आफरीन मॅडमना सांगून पहिलीला पुन्हा बोलावलं आणि तोच प्रश्न टाकला. समुद्राकडे पाठ करून बसलेली ती बाई थोडी विचारात पडली.

"नोकरी लागली तो दिवस चांगला होता," ती म्हणाली.

"त्या दिवसात परत जावंसं वाटतं?"

"नाही. तसं नाही." तिने आठवून पाहिलं. "दिवस बरे होते गं. सगळे एकसारखे होते. काम खूप होतं, हप्ते होते. वाईट काही नव्हतं." आणि मग, जणू कुणी खिडकी उघडल्यासारखा चेहरा खुलवून तिने विचारलं, की आई यंदा कुरडया घालणार आहे का.

शिवन्याला उत्तर मिळालं होतं. त्या बाईजवळ आठवणी होत्या त्या सगळ्या आजपर्यंतच्या. सही केल्यानंतरच्या वर्षांतून तिने जपून ठेवावं असं काही घडलंच नव्हतं. तिची विशी मेंदूने घडी घालून ठेवून दिली होती.

दुसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत, कोर्टाच्या मागच्या पायऱ्यांवर, तिने हे सगळं बापाच्या कानावर घातलं. महादेवने भाकरी मोडता मोडता शेवटपर्यंत ऐकलं. त्याला राग आला होता, पण तो पोरीवर कधी ओरडला नव्हता. ओरडण्याची कामं तो सरकारसाठी करी.

"आठवणीनं काय हुतंय, शिवू? आठवणी काय बँकेत भरायच्या हायेत व्हय?" तो म्हणाला. "घर हाय म्हणतीस, नाव हाय, कर्ज फिटलंय. आनि तू दुसरीच्या झिजलेल्या बाहीला भुललीस."

तिने समजावून पाहिलं. त्याने मान हलवली. त्याचंही चुकत नव्हतं. तंगी काय असते ते शिवन्याने लांबून पाहिलं होतं, त्याने अंगावर काढली होती. शेवटी त्याने एकच मागितलं. ती मोठी वकील मला एकदा बघू दे, म्हणाला. तिला बघितल्यावर मी तुला सांगतो, आणि मी सांगेन ते तू ऐकायचं. शिवन्याने कबूल केलं. बापाचा शब्द मोडायचा नाही हे तिने मनाशी धरलं, आणि तो काय सांगणार हे तर तिला आधीच ठाऊक होतं.

भेटीच्या दिवशी महादेव इस्त्रीचा शर्ट घालून आला. दाढी गुळगुळीत, केसांना तेल. आफरीन मॅडमनी त्याला आत नेलं, खुर्ची दिली. शिवन्या त्याच्यामागे भिंतीशी उभी राहिली. बँकेची खुर्ची मऊ होती, त्याने हाताने ती चाचपून पाहिली आणि पोरीकडे वळून हसला.

भिंत उजळली. काळा कोट, पांढरी बट, मागे समुद्र.

महादेव ताडकन उभा राहिला. वरचं बटण लावलं, हात पोटाशी जोडले आणि मान थोडी वाकवली. दुसरं काही त्याला सुचलंच नाही. सव्वीस वर्षं तो काळा कोट दिसला की उठत आला होता.

"नमस्कार, मॅडम," तो म्हणाला.

त्या बाईचा चेहरा आधी फुलला होता, तो तसाच थबकला. "पप्पा," ती म्हणाली. "पप्पा, बसा ना."

"असू द्या, मॅडम. ठीक हाय."

"पप्पा, मी आहे. शिवू."

"व्हय, व्हय." त्याने हसून मान हलवली, पण तो बसला नाही. मग तीही उठून उभी राहिली, तिच्या त्या उंचावरच्या घरात, आणि दोघं एकमेकांसमोर उभे राहिले. महादेवला काहीतरी बोलायला हवं होतं. त्याने मनात जमवून आणलेलं सगळं, गाडी कुठली घेतली, न्यायाधीश कसे बोलतात, ते त्याला आठवेना.  ज्या आवाजाला सगळं आवार वळून पाही, तो आवाज अगदी खाली आला होता.

"मॅडम, आमची शिवू बरी हाय न्हवं?"

यंत्राचं उत्तर डोळ्याचं पातं लवण्याआधी येतं. त्या दिवशी ते आलं नाही. आफरीन मॅडम नंतर म्हणाल्या, की इतका वेळ थांबलेलं प्रतिरूप त्यांनी कधी पाहिलं नव्हतं.

"बरी आहे," ती बाई म्हणाली. "काळजी करू नका."

महादेवने पुन्हा मान वाकवली आणि पाठ न दाखवता, न्यायाधीशांच्या दालनातून निघावं तसा, मागे सरकत बाहेर आला.

बाहेर येऊन तो बाकावर बसला. शिवन्या शेजारी बसली. तो काय बोलणार याची तिला आता भीती वाटत नव्हती, तिला फक्त त्याचा हात धरायचा होता आणि तो तिने धरला.

"सांगलीला जा," तो म्हणाला.

 त्यानेच पुढे सांगितलं, तिच्याकडे न बघता.

"माझ्याच पोरीला मी तिची खुशाली विचारली, शिवू. आनि तिनं सांगितली बी." त्याने शर्टाचं वरचं बटण सोडलं. "खुर्ची हुती तिथं. मला बसवंना."

अर्ज मागे घ्यायचा तर न निवडलेलं प्रतिरूप कर्जदाराने स्वतःच्या हाताने पुसावं लागे. आफरीन मॅडमनी तिच्यापुढे बटण धरलं आणि सवड घे म्हणाल्या. शिवन्याने काचेतून आत पाहिलं. खोलीत कुणी नव्हतं, समोरची मऊ खुर्ची रिकामी होती, आणि भिंतीवरची ती बाई दाराकडे बघत अजून उभीच होती. शिवन्याने बटण दाबलं.